बंद फाटकातून गेलेली एकोणसत्तर

१

नामजिल म्हाताऱ्याने सवयीने हात पुढे केला. फाटकातून आत शिरून थोडं चाललं की तिच्या बॉनेटची थंडगार कड हाताला लागायची. आज हात तसाच पुढे गेला आणि हवेतच राहिला.

त्याच्या मागून आत आलेला दाम्बा हवालदार जागच्या जागी थबकला. कुंपणाच्या आत सगळीकडे बर्फ होतं, आणि मधोमध काळ्या मातीचा एक उघडा चौकोन. तिथे चाळीस वर्षं एक रशियन जीप उभी असायची. तिचं नाव एकोणसत्तर. कारखान्याने तो आकडा का दिला याच्याशी गावाला काही देणंघेणं नव्हतं, पण एकोणसत्तर म्हटलं की पोराबाळांनाही कळायचं.

नामजिल पूर्वी गावच्या दवाखान्याचा ड्रायव्हर होता. दवाखान्याला नवी गाडी आली तेव्हा जुनी त्यालाच दिली गेली. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या मागच्या बाकावर जन्मली होती, कारण प्रांताच्या इस्पितळापर्यंत धीर धरणारं बाळ विरळाच. दाम्बाही त्यातलाच. पोलिसात लागून इतकी वर्षं झाली तरी त्या गाडीपाशी तो अजून जरा सावरूनच उभा राहायचा.

सकाळी सगळं गाव नदीवर होतं. पांढरा महिना, म्हणजे नवं वर्ष, तोंडावर आलं होतं आणि गोठलेल्या नदीवर हाडाच्या गोट्यांनी नेम धरण्याचा डाव रंगला होता. नामजिलही गेला होता. त्याला अलीकडे कमी दिसतं हे गावाला ठाऊक होतं. किती कमी, हे कोणी विचारत नसे, कारण विचारलं की तो खवळायचा. वर्षाच्या पहिल्या दिवशी गाडी घेऊन नदीचं बर्फ ओलांडायचं आणि पलीकडच्या थोरल्या बहिणीच्या पाया पडायचं, हा त्याचा नेम. यंदाही जाणार, असं तो महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होता.

"नामजिल गुआई," थोरामोठ्यांना हाक मारतात तसं दाम्बा हळूच म्हणाला, "फाटकाचं कुलूप तुम्ही आत्ता उघडलंत ना?"

"मीच उघडलं."

"म्हणजे ते लागलेलं होतं."

म्हातारा त्या काळ्या चौकोनात उभा राहून बुटाच्या टाचेने जमीन चाचपत होता. चोराने गाडी नेली होती, आणि जाताना फाटकाला नीट कुलूप घालून गेला होता.

२

गेरमध्ये, त्या गोल लोकरी तंबूच्या घरात, चूल पेटलेली होती. नामजिलची बायको पागमा हिने न बोलता चहा ओतला. दाम्बाने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि आत पाहिलं. चहा काळा होता.

या घरात काळा चहा त्याने जन्मात प्यायला नव्हता. त्यातून कालच त्याच्या बायकोने पागमाकडे दुधाचा गोठलेला गोळा पाठवला होता, चांगला पातेलीएवढा. पण आजचा दिवसच असा होता, की चहाकडे कोणाचं लक्ष असणार.

"दूध संपलं रे पोरा," पागमा त्याच्याकडे न बघता म्हणाली.

नामजिलने रीतीप्रमाणे शेल्यात खोचलेली रेशमी पिशवी काढली, त्यातली तपकिरीची कुपी पुढे केली. दाम्बाने आपली दिली, दोघांनी हुंगली, परत केली. सगळं रोजच्यासारखं झालं. तरी काहीतरी चुकल्यासारखं दाम्बाला वाटलं आणि काय ते सापडेना.

"कुलपं सांगा तुमची," तो म्हणाला.

म्हातारा मोजून सांगायला लागला. अंधार पडायच्या आत रेडिएटरचं पाणी काढायचं, नाहीतर थंडीत इंजिन फुटतं. बॅटरी काढून घरात, पलंगाच्या उशाशी. स्टिअरिंगला साखळी, ती खाली पायाच्या पट्टीला बांधलेली. फाटकाला कुलूप. आणि सगळ्यात शेवटी, इंजिनातल्या ठिणगी वाटणाऱ्या डबीतला अंगठ्याएवढा काळा रोटर. तो काढला की बाकी सगळं जागेवर असूनही गाडी म्हणजे नुसता पत्रा. तो रोटर चाळीस वर्षं तपकिरीच्या पिशवीत, त्याच्या पोटाशी असायचा.

दाम्बाने उशाकडे पाहिलं. बॅटरी नव्हती. साखळी दाराशी नीट गुंडाळून ठेवलेली होती. इंजिनावर पांघरायची जाड गोधडीही नव्हती.

"गोधडी नेली?" तो पुटपुटला. पळून जाणारा चोर गाडीचं पांघरूण कशाला नेईल? "पागमाआई, तुम्ही कुठे होतात?"

"घरी होते. मग थर्मास घेऊन नदीवर आले. तू बघितलंस मला."

बघितलं होतं. ती उशिरा आली होती.

"तक्रार लिहून घेऊ ना, गुआई?"

"घाई काय आहे," नामजिल म्हणाला. "पांढरा महिना होऊन जाऊ दे."

दाम्बा चकित झाला. या माणसाने न विचारता गाडीला हात लावला म्हणून सख्ख्या शेजाऱ्याशी वीस वर्षं अबोला धरला होता. तो आज म्हणत होता, घाई काय आहे.

तेवढ्यात बाहेर गलका उठला. गावकऱ्यांनी चोर पकडून आणला होता, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

३

चोर राजधानीहून आलेला होता. तुमेन त्याचं नाव. जुन्या रशियन गाड्या जमवायचा त्याला नाद होता, आणि दोन वेळा नामजिलच्या फाटकात येऊन तो हात हलवत परत गेला होता. लोकांनी त्याची पिशवी दाम्बासमोर उलटी केली. पाने, प्लग, वायसर, आणि त्यात एक काळा रोटर.

"बघा," गर्दीतली एक बाई म्हणाली, "शहरातले लोक पाहुणचाराला येतात आणि खिशात दुसऱ्याच्या घराची चावी घेऊन येतात."

"अहो वहिनी, मी पाच एकोणसत्तर बाळगून आहे," तुमेन रडकुंडीला आला होता. "मी रोटर नाही बाळगणार तर काय जपमाळ बाळगू? दादा, मी सकाळभर खानावळीत झोपलो होतो. मालकिणीला विचारा, माझ्या घोरण्यावरून तिने दोनदा दार वाजवलं."

मालकिणीने तोंड वाकडं करून मान डोलावली.

"मला ती जागा तरी बघू द्या," तुमेन म्हणाला.

दाम्बाने त्याला काळ्या चौकोनापाशी नेलं. तुमेन गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. जिथे रेडिएटर असायचा, त्याच्या खाली बर्फाचा एक गुळगुळीत थर होता.

"दादा, हा माणूस चोर नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "या थंडीत चोर काय करील? घाईघाईत गरम पाणी ओतील आणि किल्ली फिरवील. यानं खालची तोटी उघडी ठेवून पहिलं पाणी नुसतं वाहू दिलंय. इंजिनाला हळूहळू ऊब येऊ दिली. मग तोटी बंद करून दुसरं पाणी भरलं. लेकराला न्हाऊ घालतात ना, तसं काम आहे हे."

त्याच्या आवाजात आदर होता. दाम्बालाही तो जाणवला आणि नवल वाटलं. चोरीच्या जागी उभं राहून दोन माणसांना हात जोडावेसे वाटावेत, असं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

मग त्याचं लक्ष बर्फाच्या रंगाकडे गेलं. बर्फ तांबूस होतं, गंजाच्या पाण्याचं. एवढं गरम आणि एवढं गंजकं पाणी गावात एकाच ठिकाणी मिळे, शाळेच्या बॉयलरखान्यात. आणि तिथे कोळसा टाकणारा होता लुवसान, नामजिलचा शेजारी. वीस वर्षांचा अबोला होता तो याच्याशीच.

४

लुवसान बॉयलरसमोर स्टुलावर बसला होता. ठेंगणा, रुंद, तोंडाने फटकळ.

"ये हवालदार. नेम चुकला वाटतं नदीवर, म्हणून इकडे धरायला आलास?"

"लुवसानदादा, सकाळी कुठे होतात?"

"इथेच. शाळेला सुट्टी असली तरी नळ फुटतात. तुझ्या सरकारला कुठे कळतं ते."

दाम्बा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. लुवसानच्या डाव्या गालावर नाण्याएवढा पांढरा चट्टा होता, कडेने लाल. थंड वारा तासभर एकाच जागी लागला की पडतो तसा. उजवा गाल धडधाकट होता.

"बॉयलरशेजारी बसून गाल गोठला?"

लुवसानने गालावर हात नेला आणि अर्ध्यातच थांबवला.

"एकोणसत्तरची डावी काच पूर्ण वर जात नाही," दाम्बा म्हणाला. "ड्रायव्हरचा डावा गाल दर हिवाळ्यात सोलून निघतो. नामजिल गुआईंचा चट्टा बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. दादा, गाडी कुठे आहे?"

लुवसानने फावडं उचललं आणि कोळसा टाकायला लागला. तो एवढंच म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी मी ती न विचारता नेली होती. पाणी काढायला विसरलो आणि इंजिनाला तडा गेला. तो हिवाळाभर इंजिन जोडत बसला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. पुढे मला काही विचारू नकोस."

"प्रांताच्या ठाण्यातले लोक उद्या दुपारी येतायत. गावच्या अध्यक्षांनी परस्पर फोन केलाय. तुम्ही बोलला नाहीत तर ते तुम्हाला घेऊन जातील. नोकरी जाईल, आणि पांढरा महिना कोठडीत जाईल."

"मग कोठडीत," लुवसान म्हणाला.

दाम्बाला त्याचा राग यायला हवा होता. उलट तो परतताना विचारात पडला. चोराला शिव्या द्यायला तोंड असतं, कांगावा करता येतो. हा माणूस कोणासाठी तरी गप्प बसला होता. आणि कुलपाचं काय? बॅटरीचं? पोटाशी बांधलेल्या त्या रोटरचं? ते लुवसानच्या हाताला लागणं शक्य नव्हतं. नामजिलच्या कानावर लुवसानचं नाव त्याने घातलं नाही. जुनी जखम उगाच कशाला उघडायची.

५

सकाळी उजाडल्याबरोबर तो पुन्हा फाटकात गेला. नामजिलचा कुत्रा काळ्या चौकोनाच्या मागे, चाकांच्या खुणांपाशी, बर्फ चाटत होता. कालही चाटत होता, दाम्बाला आठवलं. कालही तो तिथून हलायला तयार नव्हता.

दाम्बा खाली वाकला. बर्फावर बर्फासारखंच, पण जरा पिवळसर, दाण्यादाण्यांनी काहीतरी सांडलेलं होतं. जिथे चार चाकं उभी असायची तिथे, आणि पुढे फाटकापर्यंत, खुणांच्या मधोमध. त्याने एक दाणा उचलून जिभेवर ठेवला.

तो विरघळला आणि दाम्बाने डोळे मिटले. दूध होतं ते.

या मातीतला कोणीही माणूस प्रवासाला निघाला की घरची बाई त्याच्या मागे दूध शिंपडते. घोड्याच्या रिकिबीला, गाडीच्या चाकांना, मग वाटेवर. वाट पांढरी होवो, जाणारा सुखरूप पोचो, म्हणून. दाम्बा पोलिसात लागायला निघाला तेव्हा त्याच्या आईने शिंपडलं होतं. पण चोरीला जाणाऱ्या गाडीमागे कोण दूध शिंपडतं?

गेरमध्ये पागमा एकटी होती. दाम्बाने टोपी काढली.

"आई, माझ्या बायकोने दिलेलं दूध कुठे गेलं ते कळलं मला."

पागमाने चुलीत गोवरी घातली. मग देव्हाऱ्याशेजारी टांगलेला, दूध शिंपडायचा नऊ खळग्यांचा लाकडी चमचा काढून तिने मांडीवर घेतला.

"सगळं नीट ठरवलं होतं रे," ती म्हणाली. "साखळी, कुलूप, बॅटरी, गोधडी. लुवसानला महिनाभर विनवलं. गाडी फाटकातून बाहेर निघाली आणि माझे हात आपोआप पातेल्याकडे गेले. चाळीस वर्षं ती गाडी या घरातून दुधाशिवाय निघाली नाही. माझ्याच्याने तिला कोरडी जाऊ देववलं नाही."

"पण का?"

"त्याला दिसत नाही. कमी नाही, दिसतच नाही. परवा माझ्या बहिणीला लुवसान समजून तोंड फिरवून बसला. आणि यंदा नदीचं बर्फ मधोमध पातळ आहे, तुम्हीच लाल कापड लावलंय तिथे. ते कापड त्याला दिसायचं नाही. गाडी काढून घ्यावी असं तोंडाने म्हटलं असतं तर त्याच दिवशी मेला असता. तिला चोराने नेलं तर निदान चोराला शिव्या देत जगला असता." तिने नाक ओढलं. "त्याला सांगू नकोस पोरा. सांगितलंस तर तो ती परत आणील आणि नदीवर घालील."

न सांगावं तर लुवसान कोठडीत जाणार होता. सांगावं तर म्हातारा बर्फाखाली. दुपारपर्यंतच वेळ होता.

"रोटर कसा मिळाला तुम्हाला? तो तर त्यांच्या पोटाशी असतो."

"तेच मला देवाचं वाटतं," पागमा म्हणाली. "मी लुवसानला म्हटलं होतं, तो झोपला की काढीन. धीर होईना. आणि काल तो नदीवर गेल्यावर बघते तर रोटर देव्हाऱ्यावर, तुमच्या दुधाच्या गोळ्याशेजारी. विसरला असेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

दाम्बाला काल सापडत नव्हतं ते आता सापडलं. तपकिरीची कुपी काढताना त्या पिशवीत नेहमी खट्ट वाजायचं, रोटर कुपीवर आपटून. काल वाजलं नव्हतं.

६

नामजिल काळ्या चौकोनात एक ओंडका टाकून बसला होता. तोंड उत्तरेकडच्या टेकडीकडे, ज्या बाजूला चाकांच्या खुणा जाऊन वाऱ्याने पुसलेल्या खडकाळ जमिनीवर नाहीशा होत होत्या. दाम्बा त्याच्याशेजारी जमिनीवर बसला.

"काल नदीवर," दाम्बा म्हणाला, "मी तुमच्या शेजारी होतो. सगळे एका नेमाकडे बघत श्वास रोखून उभे होते. आणि तुम्ही मध्येच मान गावाकडे वळवलीत. मी विचारलं तर म्हणालात, वारा फिरला."

म्हाताऱ्याने कान त्याच्याकडे केला.

"वारा नव्हताच काल. गोठलेल्या हवेत आवाज लांबून ऐकू येतो. तुम्ही तिला सुरू होताना ऐकलंत. ओरडला असतात तर दहा घोडेस्वार टेकडीच्या आत तिला गाठते. तुम्ही ओरडला नाहीत. घरी येऊन तक्रार दिली नाहीत. आणि निघताना रोटर देव्हाऱ्यावर ठेवून गेलात."

दूर कुठेतरी नदीचं बर्फ तडकल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या फटक्यात सुरू झाली," नामजिल म्हणाला. "ऐकलं मी. गरम करून घेतलं होतं तिला. महिनाभर ही बाई कुंपणापाशी जाऊन कुजबुजत होती. डोळे गेले म्हणून कान गेले का माझे? या गावात ते इंजिन ओळखणारे दोनच माणसांचे हात आहेत. एक माझे, दुसरे शेजाऱ्याचे." त्याने आपले हात मांडीवर पसरले. "मला तोंडाने म्हणता आलं नसतं, दाम्बा. आता मला दिसत नाही, गाडी घेऊन जा, एवढं वाक्य चाळीस वेळा घशापर्यंत आलं. मग म्हटलं, ती चोरतेय तर चोरू दे. निदान तिची चोरी अडायला नको."

चाळीस वर्षं ज्या माणसाने पाच कुलपांनी एक गाडी राखली, त्याने सगळ्यात आतलं कुलूप स्वतःच्या हाताने काढून देवापुढे ठेवलं होतं, आणि बायकोला कळू दिलं नव्हतं. आणि बायकोने त्याला. या दोन माणसांपुढे आपण फार लहान आहोत असं त्याला वाटलं. ते वाटणं सुखाचं होतं.

"लुवसानदादाला प्रांताचे लोक न्यायला येतायत," तो शेवटी म्हणाला. "तो एक शब्द बोलत नाही."

नामजिल ताडकन उठला. "त्याला कशाला? गाडी मी पाठवली आहे. मालकाने गाडी पाठवली तर ती चोरी होते का? तसं लिही. माझा अंगठा घे." मग आवाज खाली आणून, "पागमाला मात्र सांगू नकोस, मला ठाऊक होतं ते. तिने फार कष्टाने चोरलंय."

"नाही सांगत."

"कुठे ठेवलीय?"

"लुवसानच्या भावाच्या हिवाळी गोठ्यात असणार. त्या बाजूला तेवढंच छप्पर आहे."

"गोधडी घातली असेल?"

"बरोबर नेलीय."

वीस वर्षं जिभेवर न आणलेलं नाव उच्चारताना म्हाताऱ्याची हनुवटी हलली. "लुवसानने पाणी काढलं का, विचार त्याला."

"पहिलं पाणी तोटी उघडी ठेवून वाहू दिलंय त्याने. मी बघितलं. शेवटचंही काढलंच असेल."

"मग त्याला म्हणावं, पहिल्या दिवशी घरी ये. तपकीर घ्यायला."

दाम्बा उठला आणि फाटकाकडे निघाला. त्याने कडीला हात घातला तेव्हा मागून हाक आली. नामजिल तिथेच उभा होता, तोंड अजून टेकडीकडे, आणि टोपी त्याने काढून छातीशी धरली होती.

"दाम्बा. तिने दूध शिंपडलं का?"

"चारही चाकांना, आणि पुढे वाटभर. थेंबही घरात ठेवला नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. पांढरे पडलेले डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

"तरीच," तो म्हणाला. "कालपासून घरात काळा चहा आहे."